डोमेनचं नाव बदललं, टेबलावरचे पीसी कसे हलवाल?

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले कर्मचारी ३० सप्टेंबर २०२१ रोजी घरी गेले आणि १ ऑक्टोबरला वेगळ्या कंपनीत कामाला आले. केंद्र सरकारने त्या दिवशी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून देशभरातले ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली आणि अंबरनाथचीच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडकडे. एकाच गावातले, कालपर्यंत एकाच बोर्डाखालचे दोन कारखाने, आणि दोघांच्या कागदांवर दोन निराळी नावं.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर नसलं तरी नाव बदलण्याचं हे काम उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सतत चालू असतं. आनंदनगर एमआयडीसीतला कारखाना विकला जातो, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड होते, बदलापुरात दोन भावांची वाटणी होते. पाटी बदलते, जीएसटीच्या प्रमाणपत्रावरचं नाव बदलतं, शिक्के नवे येतात. मग एका सकाळी मालकांच्या लक्षात येतं की पीसी चालू केला की लॉगिनच्या पडद्यावर अजून जुन्या कंपनीचं नाव दिसतंय. ते सहज म्हणतात, "तेवढं बदलून टाका." हा लेख ज्याला ते 'तेवढं' बदलायचं असतं त्याच्यासाठी आहे. वीस-चाळीस पीसींचं ऑफिस, एक विंडोज सर्व्हर, त्यावर अॅक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन, आणि सगळं बघणारा बहुतेक वेळा एकटाच माणूस, हे चित्र धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

खरंच बदलायला हवं का?

हा प्रश्न मालकांना आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं, पण त्यानंतरही वेबसाइटचा पत्ता यूनिपुणे डॉट एसी डॉट इन हाच राहिला आणि विद्यापीठाचं काम अडलं नाही. ऑफिसच्या आतल्या डोमेनचं नाव तर वेबसाइटइतकंही कुणाला दिसत नाही. ते पाहतात फक्त तुमचे कर्मचारी.

बऱ्याचदा मालकांना हवं असतं ते इतकंच, की माणसाने नव्या ईमेल पत्त्याने लॉगिन करावं. त्यासाठी डोमेनचं नाव बदलावं लागत नाही. सर्व्हरवर 'अॅक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स' उघडून तिथे नवा यूपीएन सफिक्स जोडा, प्रत्येक यूजरच्या खात्यात तो निवडा, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक नव्या नावाने आत येतात. एकही पीसी हलवावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं, तेव्हाही बदलायचा होता तो ग्राहकांना दिसणारा वेबसाइटचा पत्ता. काउंटरवरचे पीसी कुठल्या डोमेनमध्ये आहेत याचा त्याच्याशी संबंध नव्हता. बाहेरचं नाव आणि आतलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मालकांना एकदा नीट समजावलं, तर अर्धी कामं इथेच संपतात.

बदलणं भाग पडतं अशा जागाही आहेत. कंपनी विकताना जुनं नाव वापरायचं नाही असं करारात लिहिलेलं असतं. दोन कंपन्यांची ऑफिसं एका छताखाली येतात. आणि एक प्रसंग खरोखर धोक्याचा असतो: आतलं डोमेन ज्या नावाचं आहे ते इंटरनेटवरचं नावही जुन्या मालकाबरोबर गेलेलं असतं. तसं झालं तर सेल्सवाल्यांचे लॅपटॉप बाहेरच्या नेटवर गेल्यावर आपला सर्व्हर शोधत दुसऱ्याच्या दारात जातात. इथे टाळाटाळ करू नका.

बदलायचंच ठरलं तर नवं नाव नीट निवडा. त्यात गावाचं नाव नको. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. गावाच्या नावावर डोमेन बांधलेल्यांना हा प्रश्न पुन्हा पडतो. मालकाचं किंवा मालाचं नाव नको. शेवटी डॉट लोकल नको, कारण प्रिंटर आणि अॅपलची यंत्रं ते शेपूट स्वतःच्या शोधासाठी वापरतात आणि गोंधळ होतो. स्वतःच्या मालकीचं इंटरनेट डोमेन असेल तर त्याच्यापुढे 'ऑफिस' किंवा 'एडी' लावून आतलं नाव करा. छोटं नाव, म्हणजे नेटबायोस नाव, १५ अक्षरांच्या आत बसलं पाहिजे.

दोन वाटा, आणि त्यांतला फरक

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो, त्याला सिड म्हणतात. फाइलवर कुणाचा हक्क, डेस्कटॉप कुणाचा, सगळं त्या क्रमांकावर ठरतं. नाव बदलताना हा क्रमांक टिकतो की नवा मिळतो, यावर पुढच्या सगळ्या कामाचं स्वरूप अवलंबून आहे.

पहिल्या वाटेने आहे त्याच डोमेनचं नाव बदलता येतं. मायक्रोसॉफ्टचं रेनडॉम नावाचं साधन विंडोज सर्व्हर २००३ पासून यासाठी आहे. सिड तेच राहतात, म्हणून डेस्कटॉप, फोल्डरवरचे हक्क, सगळं जागच्या जागी सापडतं. दुसऱ्या वाटेने नव्या नावाचं डोमेन शून्यातून उभं करून एकेक पीसी जुन्यातून काढून नव्यात टाकायचा. इथे प्रत्येक माणूस विंडोजच्या लेखी नवा माणूस होतो.

पहिली वाट ऐकायला सोपी वाटते, पण तिला अटी आहेत. नेटवर्कमध्ये एक्स्चेंज सर्व्हर, २००७ किंवा त्यानंतरचा, असेल तर हे नामांतर मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, विषय संपला. शिवाय हे काम सगळ्या डोमेनवर एकदम होतं, चार पीसींवर करून पाहू असं म्हणता येत नाही. दुसरी वाट लांबची, पण एका वेळी एक टेबल घेता येतं आणि फसलं तर एकाच माणसाचं काम थांबतं. वीस-पंचवीस पीसींच्या ऑफिसात, सर्व्हर जुना झालेला असेल आणि तोही बदलायचा असेल, तर मी दुसरी वाट सुचवेन. पीसी जास्त असतील, सर्व्हर सुस्थितीत असेल, एक्स्चेंज नसेल, तर पहिली.

आधी प्रत्येक टेबलापाशी जाऊन बसा

या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ हा आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी वाचवला जातो. सर्व्हरवर बसून यादी काढता येते, पण सर्व्हरला हे ठाऊक नसतं की अकाउंट्सच्या मॅडमनी तीन वर्षांचं बँक रिकन्सिलिएशन डेस्कटॉपवर ठेवलं आहे. एक वही घ्या. प्रत्येक पीसीला एक पान द्या. माणसाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "मॅडम, सकाळी आल्यापासून काय काय उघडता ते एकदा दाखवा." त्या दाखवतील तसं लिहीत जा.

काय लिहायचं? पीसीचं नाव, विंडोजची आवृत्ती, मॅप केलेले ड्राइव्ह आणि त्यांची अक्षरं, प्रिंटर आणि त्यांतला डिफॉल्ट कोणता, आउटलुकची पीएसटी फाइल कुठे आहे, ब्राउझरमध्ये कुठले पासवर्ड सेव्ह आहेत, टॅलीचा डेटा कुठल्या वाटेवर आहे आणि लायसन्स कुठल्या यंत्रावरून येतं. आपल्या भागात आणखी एक गोष्ट हमखास लिहायला हवी, ती म्हणजे मराठी फॉन्ट. नगरपालिकेला, महावितरणला, एमआयडीसीला जाणारी पत्रं कित्येक ऑफिसांत अजून श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये असतात. हल्लीच्या विंडोजमध्ये साध्या यूजरने फॉन्ट टाकला तर तो फक्त त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जातो. नवं प्रोफाइल तयार झालं की फॉन्ट गायब, आणि वीस वर्षांची पत्रं इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसू लागतात. फाइल बिघडलेली नसते, पण समोरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. म्हणून वापरात असलेले सगळे फॉन्ट आधीच गोळा करा आणि अॅडमिन म्हणून 'सगळ्या यूजरसाठी' टाका. कीबोर्डची मराठी मांडणी इनस्क्रिप्ट आहे की दुसरी, तेही त्याच पानावर लिहा.

याच फेरीत पीसीची तब्येत बघा. विंडोज होम असेल तर तो पीसी डोमेनमध्ये जाऊच शकत नाही. स्वस्तात घेतलेल्या लॅपटॉपवर ती असते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ज्या पीसीला विंडोज ११ झेपत नाही त्यावर दोनदा मेहनत घेण्यापेक्षा त्याचा निर्णय आताच मालकांकडून घ्या. जुन्या असेंबल्ड पीसीत मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो आणि सकाळी तारीख भलतीच असते. डोमेनच्या लॉगिनमध्ये पीसी आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. सेल बदलायला फारसा खर्च येत नाही. तो आधी बदला.

आता सगळ्यात महत्त्वाची नोंद. डोमेनमधून पीसी बाहेर काढला की डोमेनचा कुठलाही पासवर्ड त्यावर चालत नाही. त्या क्षणी पीसीवरचं स्थानिक अॅडमिन खातंच हाताशी असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये मूळचं अॅडमिनिस्ट्रेटर खातं बंद ठेवलेलं असतं, आणि पाच वर्षांपूर्वी कुणी तरी केलेल्या स्थानिक खात्याचा पासवर्ड कुणाला आठवत नाही. म्हणून प्रत्येक पीसीवर एक स्थानिक अॅडमिन खातं तयार करा आणि त्याने प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. नुसतं तयार करून पुढे जाऊ नका. पासवर्ड लॅप्समधून आपोआप बदलत असतील तर त्या दिवशीचा पासवर्ड लिहून घ्या. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की जुन्या डोमेनमध्ये जपलेली असू शकते आणि त्याच्याबरोबर जाते. ती बाहेर काढून कागदावर घ्या. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन न सांगता चालू झालेलं सापडतं, तेव्हा प्रत्येकावर तपासा.

दिवस कोणता निवडावा

अकाउंट्सच्या कॅलेंडरपुढे तुमची सोय गौण आहे. टीडीएस ७ तारखेला, जीएसटीआर-१ ची ११, पीएफ आणि ईएसआयसी १५, जीएसटीआर-३बी ची २०. महिनाअखेरीला पगार. मधे राहतात २१ ते २६ हेच दिवस, आणि तिमाही रिटर्नच्या महिन्यात तेही कमी. साप्ताहिक सुट्टीचा दिवस घेतलात, तर त्या दिवशी महावितरणचं देखभालीचं काम नाही ना, हे आधी विचारून घ्या. यूपीएस अर्धा तास टिकतो. नामांतर अर्ध्यात असताना सर्व्हर बंद पडला तर ते निस्तरणं फार कष्टाचं असतं.

जुलै टाळता आला तर टाळा. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या प्रत्येकाला आठवतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी लोकल बंद, माणसं घरी, आणि तुमचं डोमेन अर्धं इकडे अर्धं तिकडे. वालधुनी नदीच्या काठाजवळ तळमजल्यावर ऑफिस असेल तर बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच खोलीत ठेवण्यात अर्थ नाही. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवा.

बॅकअप म्हणजे सर्व्हरचा सिस्टम स्टेटसह पूर्ण बॅकअप. आणि तो परत उभा राहतो का, हे एका वेगळ्या पीसीवर हायपर-व्हीमध्ये, ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडून, एकदा करून बघा. पहिली वाट घेणार असाल तर त्याच तोडलेल्या नकलेवर नामांतराची पूर्ण तालीम करा. जी चूक व्हायची ती तिथे होऊ द्या.

पहिली वाट: डोमेनचंच नाव बदलणं

नव्या नावाचा डीएनएस झोन आधी तयार करा. रेनडॉम डोमेन कंट्रोलरवरून चालवायचा नसतो. डोमेनमधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून किंवा पीसीवरून चालवतात. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: यादी काढणं, त्या फाइलीत नवं नाव लिहिणं, अपलोड, तयारीची तपासणी, मग प्रत्यक्ष अंमल. अंमल झाला की डोमेन कंट्रोलर आपोआप रिस्टार्ट होतात. पुढे जीपीफिक्सअप चालवून ग्रुप पॉलिसीतले जुने पत्ते दुरुस्त करायचे. डोमेन कंट्रोलरच्या स्वतःच्या पूर्ण नावाला जुनं शेपूट चिकटून राहतं. ते नेटडॉमने वेगळं बदलावं लागतं, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

आता टेबलावरच्या पीसींकडे या. प्रत्येक पीसी दोनदा रिस्टार्ट झाला पाहिजे, आणि तोही सर्व्हर चालू असताना, केबलने जोडलेला असताना. वायफायवरचा लॅपटॉप लॉगिनच्या आधी नेटवर्कला जोडलेला असेलच असं नाही, म्हणून त्या दिवशी त्याला केबल लावा. पहिल्या रिस्टार्टनंतर लॉगिनचा पडदा आला की लगेच दुसरा देऊ नका, दोन-चार मिनिटं जाऊ द्या. वहीतल्या पानावर दोन खुणा करा, एक-एक रिस्टार्टची.

आणि इथे घाई नको असं मी अगदी कळकळीने सांगेन: रेनडॉमची एक पायरी 'क्लीन' आहे. ती जुन्या नावाचे धागे पुसते. ती होण्याआधी ज्या पीसीने दोन रिस्टार्ट घेतले नाहीत तो नव्या नावापर्यंत स्वतःहून कधीच पोचत नाही. त्याला हाताने डोमेनमधून काढून परत टाकावा लागतो. नाशिकला गेलेला सेल्समन, बाळंतपणाच्या रजेवरच्या मॅडमचा कपाटातला लॅपटॉप, गोडाऊनमधला महिन्यातून एकदा चालू होणारा पीसी, हे सगळे येऊन गेल्याशिवाय क्लीन करू नका. आठवडा थांबावं लागलं तर थांबा. रेनडॉमची 'एंड' ही पायरी होईपर्यंत नवा डोमेन कंट्रोलर जोडणं किंवा काढणं मात्र बंद ठेवा. त्यानंतर ते मोकळं होतं.

एखादा राहिलाच, तर त्याला परत टाकताना अडचण येऊ शकते. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून, त्या नावाचं कॉम्प्युटर खातं डोमेनमध्ये आधीच असेल आणि ते दुसऱ्या कुणी तयार केलेलं असेल, तर विंडोज जोडणी नाकारतं. जुनं खातं काढून टाका किंवा ज्या अॅडमिनने ते केलं होतं त्याच नावाने जोडा.

दुसरी वाट: नवं डोमेन, एकेक टेबल

सुरुवात स्वतःच्या पीसीने करा, मग ज्याला थोडं थांबायला चालेल अशा एखाद्या सहकाऱ्याचा घ्या. अकाउंट्स आणि डिस्पॅच सगळ्यात शेवटी. काही आठवडे दोन्ही डोमेन शेजारी चालू राहतील, म्हणून दोघांत ट्रस्ट बांधा आणि एकमेकांच्या डीएनएसची वाट कंडिशनल फॉरवर्डरने दाखवा. दोन्हींचं छोटं नाव सारखं असेल तर ट्रस्ट होत नाही, हे नाव निवडतानाच ध्यानात घ्या.

पीसीवर पहिली गोष्ट डीएनएस. तिथे फक्त नव्या सर्व्हरचा आयपी हवा. इंटरनेटवाला येऊन राउटरचा किंवा गूगलचा चार आठांचा पत्ता घालून गेलेला असतो आणि मग 'डोमेनशी संपर्क होत नाही' असा निरोप येतो. हा निरोप दिसला की दुसरं काहीही तपासण्याआधी डीएनएस बघा. मग पीसी आधी वर्कग्रुपमध्ये आणा, रिस्टार्ट, स्थानिक अॅडमिनने आत या, नव्या डोमेनमध्ये टाका, पुन्हा रिस्टार्ट. जोडताना डोमेन अॅडमिनचं किंवा खास हक्क दिलेलं खातं वापरा; साध्या यूजरला मूळच्या व्यवस्थेत दहाच पीसी जोडता येतात आणि अकरावा अडतो.

यानंतर माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो आणि समोर कोरा डेस्कटॉप येतो. "माझं सगळं गेलं" हे वाक्य या कामात सगळ्यांना ऐकावं लागतं. गेलेलं काहीच नसतं. सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये जुनं फोल्डर तसंच आहे. सिड नवा असल्याने विंडोजने शेजारी नवं बनवलं, इतकंच. पण हा धक्का माणसाला बसू नये ही जबाबदारी तुमची. आदल्या दिवशी प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगा की उद्या पडदा वेगळा दिसेल आणि तुमचं काम कुठे आहे.

जुनं प्रोफाइल नव्या खात्याला जोडण्यासाठी फोरेन्सिटचं यूजर प्रोफाइल विझार्ड हे साधन बरंच वापरलं जातं. ते जुन्या फोल्डरचे हक्क नव्या सिडला देतं आणि माणसाला त्याचा डेस्कटॉप जसाच्या तसा मिळतो. पीसी पाच-सहाच असतील तर हाताने नकलही चालते: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, आउटलुकच्या सह्या, ब्राउझरचे बुकमार्क. रजिस्ट्रीतल्या प्रोफाइल लिस्टमध्ये स्वतः बोट घालून वाट बदलण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. यूजरच्या रजिस्ट्री फाइलवरचे हक्क राहून जातात आणि पुढे तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन होऊ लागतं. अशा प्रोफाइलमध्ये दिवसभर केलेलं काम लॉगऑफबरोबर खरोखरच जातं.

नकल करून एक गोष्ट मात्र येत नाही: सेव्ह केलेले पासवर्ड. क्रोम आणि विंडोज ते त्या खात्याच्या किल्लीने बंद करून ठेवतात. म्हणून पीसी काढण्याआधी, माणूस समोर असताना, ब्राउझरमधून पासवर्ड एक्सपोर्ट करा, नव्या खात्यात घ्या आणि ती फाइल लगेच पुसा, कारण तिच्यात सगळं उघड लिहिलेलं असतं. जीएसटी आणि टेंडरच्या सहीचं डीएससी टोकन सुरक्षित असतं, सही टोकनच्या आत आहे. तरी नव्या लॉगिनवर टोकन लावून एकदा सही होते का ते बघूनच पुढच्या टेबलाकडे जा.

फाइल सर्व्हरवरचे हक्कही नव्या सिडना नव्याने द्यावे लागतात. फोल्डरच्या सिक्युरिटीत नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारी आकड्यांची ओळ दिसली, तर तिथे कधीकाळी जुन्या डोमेनमधलं कुणी तरी होतं असं समजा. जुन्या डोमेनशी संपर्क असेपर्यंत तिथे नाव दिसतं, तेव्हा कुठल्या फोल्डरवर कुणाचा हक्क याची यादी आधीच छापून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी

नऊ वाजता ऑफिसात असा. पहिली तक्रार बहुधा झेरॉक्स-स्कॅनरच्या यंत्राची येईल. स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकण्यासाठी त्याच्या पोटात जुन्या डोमेनचं नाव आणि पासवर्ड भरलेला असतो, आणि त्याची आठवण कुणालाच नसते. यंत्राच्या पॅनेलवर किंवा त्याच्या वेबपानावर जाऊन बदला. मग टॅली: लायसन्स सर्व्हरचं नाव बदललं असेल तर क्लायंटवर नवं नाव किंवा आयपी द्यावा लागतो, आणि डेटाची वाट मॅप ड्राइव्हवर असेल तर ड्राइव्हचं अक्षर पूर्वीचंच ठेवा. हजेरीच्या बायोमेट्रिकचं सॉफ्टवेअर, रात्रीचा बॅकअप, शेड्यूल्ड टास्क आणि ज्या सर्व्हिस डोमेनच्या खात्यावर चालतात त्या, या सगळ्यांत जुनं नाव अक्षरशः टाइप केलेलं असतं. हे पहिल्या वाटेनेही तुटतं, कारण इथे सिड नाही, लिहिलेलं नाव वाचलं जातं. रात्रीचा बॅकअप तर गुपचूप थांबतो, कुणी ओरडत नाही. तो दुसऱ्या सकाळी झाला का ते स्वतः पाहा.

जुन्या नावाचा रस्ता लगेच बंद करू नका. लष्कराच्या कल्याण कॅम्पला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, पण आजही रिक्षात बसून कॅम्प तीन म्हटलं की रिक्षा बरोबर पोचते. तसंच जुन्या फाइल सर्व्हरचं नाव डीएनएसमध्ये काही महिने जिवंत ठेवा, म्हणजे एक्सेलच्या लिंक आणि डेस्कटॉपवरचे जुने शॉर्टकट चालत राहतील. नुसती डीएनएस नोंद केली तर लॉगिनची तपासणी कधी कधी अडते, म्हणून नेटडॉमने सर्व्हरला ते जुनं नाव पर्यायी नाव म्हणूनही जोडा.

जुना डोमेन कंट्रोलर, दुसऱ्या वाटेत, सगळे पीसी हलल्यावर आधी फक्त बंद करून बघा. एक जीएसटीचं चक्र, एक पगार, एक स्टॉकचा दिवस जाऊ द्या. कुणी काही मागितलं नाही तर रीतसर डिमोट करा, आणि त्याची डिस्क पुसण्याआधी शेवटचा बॅकअप ऑडिटचं वर्ष संपेपर्यंत जपा. वहीतल्या प्रत्येक पानावर नवं पीसीचं नाव, नवं डोमेन आणि तारीख लिहा. स्थानिक अॅडमिनचे पासवर्ड आणि बिटलॉकरच्या की वेगळ्या पाकिटात सीलबंद करून मालकांच्या तिजोरीत द्या, आणि पाकीट मिळाल्याची त्यांची सही वहीत घ्या.